सातासमुद्रापलीकडचे बाळंतपण

नल्लकुंट्यातील माझ्या दवाखान्यात एक प्रसंग वर्षातून अनेकदा घडतो. धाकट्या नातवाला लस टोचून घेण्यासाठी आलेल्या आजी उठता उठता पर्समधून एक कागद काढतात आणि म्हणतात, "डॉक्टरबाई, पुढच्या महिन्यात मुलीकडे अमेरिकेला जायचंय. बाळंतपण आहे. ही यादी जरा बघता का?" यादीत डिंक, अळीव, खसखस, ओवा, बाळंतशोपा, वेखंड, घुटीचे सामान, काजळाची डबी, मोहरीची उशी, तापाचे थेंब आणि आजोबांच्या चार महिन्यांच्या गोळ्या असतात. काय न्यावे याचा विचार झालेला असतो. तिथे कसे राहावे याचा बहुधा झालेला नसतो.

एके काळी आपल्या लेकी बाळंतपणासाठी माहेरी येत. नांदेडहून, परभणीहून येणारी लेक काचीगुडा स्थानकावर उतरे आणि चार महिने आईच्या हाताखाली राही. आता लेक न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये असते आणि माहेरच उठून तिच्याकडे जाते. वाटही सोपी झाली आहे. पूर्वी व्हिसासाठी चेन्नईच्या फेऱ्या कराव्या लागत. २००८ साली बेगमपेठच्या पायगा पॅलेसमध्ये अमेरिकेची वकिलात आली आणि मार्च २०२३ मध्ये ती नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेली. शमशाबादचा विमानतळही २००८ सालचाच. जाणे सोपे झाले म्हणून तिथले राहणेही सोपे झाले, असे मात्र नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तीस वर्षे लोकांच्या मुलांना तपासत आले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाले, तेव्हा मला कोणी काही सांगण्याची गरज आहे असे वाटले नव्हते. त्या समजुतीला धक्का बसला तो तिथे पोचल्याच्या चौथ्या रात्री.

बाळ सहा दिवसांचे होते. लेकीला दोन तास झोप मिळावी म्हणून रात्री तीनच्या सुमारास मी त्याला घेऊन बाहेरच्या सोफ्यावर बसले. हैदराबाद आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. शरीराला रात्र कुठली आणि दिवस कुठला हे कळत नव्हते. बाळ माझ्या छातीवर शांत झाले आणि माझाही डोळा लागला. जाग आली ती लेकीच्या स्पर्शाने. बाळ छातीवरून सरकून माझा दंड आणि सोफ्याची गादी यांच्या फटीत गेले होते आणि ती त्याला अलगद बाहेर काढीत होती. बाळ सुखरूप होते. ती एवढेच म्हणाली, "आई, झोप येतेय असं वाटलं की मला हाक मार. आधी त्याला पाळण्यात ठेवायचं, मग झोपायचं."

हे वाक्य माझेच होते. मोठ्या माणसाने लहान बाळासह सोफ्यावर झोपणे हा बाळ गुदमरण्याचा अत्यंत धोकादायक प्रकार आहे, हे मी कितीतरी मातांना सांगितले आहे. ज्ञान होते, माया होती, अनुभवही होता. फक्त मी थकलेली होते आणि ते कबूल करायला तयार नव्हते. त्या पहाटे मी ठरवले की या घरात आपण डॉक्टर नाही, पाहुण्या आहोत. कोणतीही गोष्ट विचारून करायची. पुढे जे लिहिले आहे ते त्या एका निश्चयाचाच विस्तार आहे.

निघण्यापूर्वी

तान्ह्या बाळाला भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी पहिली तपासणी स्वतःची करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी केल्यावाचून विमानात बसू नये. आपल्याकडे क्षयरोग सर्रास आढळतो आणि नवजात बाळाला तो फार लवकर ग्रासतो. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला बीसीजीची लस सहसा दिली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट डांग्या खोकल्याची. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे स्वतःचे संरक्षण जवळजवळ नसते. म्हणून घरातील मोठ्यांनी टीडॅप ही लस बाळाला भेटण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी घेतलेली असावी. हिवाळ्यात जात असाल तर फ्लूची लसही घ्यावी.

औषधांच्या बाबतीत तीन नियम पाळावेत. औषधे मूळ वेष्टणात ठेवावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि त्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव असावे. आपल्या ब्रँडची नावे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक नसतात. काही मूळ नावेही निराळी आहेत. आपले पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन असते आणि साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते. स्वतःच्या वापरासाठी साधारणपणे ९० दिवसांपुरती औषधे नेण्याची मुभा असते. अधिक मुक्काम असेल तर पुढची व्यवस्था आधीच ठरवावी. रोजच्या गोळ्या आणि इन्शुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. विमानाच्या पोटात गेलेल्या सामानात इन्शुलिन गोठू शकते, आणि सामान चुकले तर साखर सांभाळायची कशाने?

आरोग्यविम्याचा कागद घरीच शांतपणे वाचावा. ६५ वर्षांनंतर तिथल्या नागरिकांना मिळणारी सरकारी मेडिकेअर योजना पाहुण्यांना लागू नसते. खासगी विम्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार अनेकदा वगळलेले असतात, किंवा ते अचानक बळावले तरच काही मर्यादेपर्यंत खर्च मिळतो. तो विमा कशाला आहे आणि कशाला नाही, हे निघण्यापूर्वी मुलांना स्पष्ट सांगावे. संकोचापोटी छातीतली कळ लपवणारे आजोबा मी पाहिले आहेत. खर्चाच्या भीतीने गमावलेला वेळ कोणताही विमा भरून देत नाही.

वाटेत आणि उतरल्यावर

सलग चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच तिकीट काढावे.

हैदराबादहून अमेरिकेला जाणारे पुष्कळ प्रवासी आखाती देशांतून विमान बदलून जातात. तेव्हा यादीतल्या खसखशीकडे पुन्हा पाहावे. आपल्या डिंकाच्या लाडवांत ती असतेच. पण संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबिया येथे खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध पदार्थ आहे. तिथे "लाडवातली होती हो!" ही सबब चालत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनाही अमिरातीत पूर्वपरवानगी लागते. डिंक, अळीव, ओवा हे सारे अमेरिकेतील भारतीय दुकानांत मिळते. लाडू तिथेच वळावेत.

अमेरिकेत उतरल्यावर खाण्याच्या वस्तूंविषयी विचारतात. जे असेल ते सांगून टाकावे. ताजी फळे, भाज्या, रोपे, मांसाचे पदार्थ यांवर बंदी आहे किंवा कडक निर्बंध आहेत. ताजा कढीपत्ताही चालत नाही, कारण तो लिंबाच्या कुळातला आहे आणि त्यावरून संत्र्या-मोसंब्यांच्या बागांना रोग जाऊ शकतो. आमच्या नणंदबाईंनी मायेने बांधून दिलेली अंगणातल्या कढीपत्त्याची जुडी आम्ही स्वतःहून दाखवली. ती टाकून देण्यात आली आणि आम्हाला हसून पुढे जाऊ दिले. दंड होतो तो वस्तू लपवल्याबद्दल.

अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना खरे आणि थोडक्यात उत्तर द्यावे. पाहुण्यांच्या व्हिसावर पगारी काम करता येत नाही. लेकीला आणि नातवंडाला भेटायला आलो आहोत, इतके दिवस राहणार आहोत, एवढे सांगणे पुरते. पासपोर्टवरील व्हिसा दहा वर्षांचा असला तरी प्रत्येक खेपेस किती दिवस राहायचे ते आय-९४ या नोंदीवरील तारखेने ठरते. पोचल्याच्या आठवड्यातच ती तारीख मुलांकडून संगणकावर पाहून घ्यावी.

बाळाच्या खोलीत

बाळाला रुग्णालयातून घरी आणताना पहिली परीक्षा होते. ते रडू लागते आणि आजीचे हात आपोआप पुढे होतात. पण चालत्या गाडीत बाळाची जागा मांडीवर नाही. मागच्या सीटवर, गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसवलेल्या त्याच्या आसनातच ते असले पाहिजे. बाळासाठी असे आसन वापरण्याचा कायदा अमेरिकेच्या सर्व राज्यांत आहे. अचानक ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेले बाळ हातातून सुटते, मग कायदा असो वा नसो. आसनात बसवताना जाड कोट घालू नये, कारण त्यामुळे पट्टे सैल राहतात. पट्टे आवळून झाल्यावर वरून दुपटे पांघरावे.

झोपेचे नियम तिथे कडक आहेत आणि त्यामागे अनुभव आहे. १९९२ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तान्ह्या बाळांना पालथे झोपवू नये अशी शिफारस केली. १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम झाली. त्यानंतर झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. म्हणून बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, स्वतःच्या पाळण्यात, पण आई-वडिलांच्याच खोलीत झोपवावे. पाळण्यात उशी, गोधडी, मऊ खेळणी काही नको. मोहरीची उशी नेऊ नये. "आम्ही तुम्हाला कुशीतच वाढवलं" हे म्हणणे खरे आहे. परंतु ते जमिनीवरच्या घट्ट गादीवर आणि उघड्या खिडक्यांच्या घरात होते. तिथल्या खोल रुतणाऱ्या गाद्या, जाड पांघरुणे आणि गरम केलेली बंद खोली यांत तो दाखला लागू पडत नाही.

काजळाची डबी घरीच राहू द्यावी. काजळ आणि सुरमा यांच्या अनेक नमुन्यांत शिसे आढळले आहे, आणि अमेरिकेत त्यांच्या विक्रीवर व आयातीवर बंदी आहे. अनेक राज्यांत पहिल्या व दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास मुलांच्या रक्तातील शिसे तपासतात. ते वाढलेले निघाले तर घरातील प्रत्येक वस्तूची चौकशी होते. चौकशीहून मोठी गोष्ट अशी की शिसे वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. काही भस्मयुक्त औषधांनाही हेच लागू आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये, बोटालाही लावू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. घुटी, ग्राइप वॉटर, वरचे पाणी यांपैकी कशाचीही पहिल्या सहा महिन्यांत गरज नाही. हे मी नल्लकुंट्यातही सांगते. इथे आज्या ऐकून घेतात आणि घरी जाऊन सहाण काढतात, हेही मला ठाऊक आहे!

ओवा-शेपांच्या धुरीचा मोह टाळावा. तिथली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि छतावर धुराची सूचना देणारी घंटा असते. आमच्या घरी तर साध्या फोडणीने दोनदा घंटा वाजली. आगीच्या बंबाला बोलावणे जाण्याची वेळ येऊ नये, आणि नवजात फुफ्फुसांना धूर तसाही नकोच. तेल लावून हलके चोळण्यास मात्र कोणाची हरकत नसते. तो आनंद आजीने जरूर घ्यावा.

तापाबद्दल स्पष्ट लिहिते. तीन महिन्यांच्या आतील बाळाचे गुदद्वारातून मोजलेले तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर घरात औषध न देता त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करावा. इथून नेलेले तापाचे थेंब बाळाला देऊ नयेत. आपल्याकडील थेंबांत एका मिलीलीटरमध्ये बहुधा १०० मिलीग्रॅम औषध असते, तर तिथल्या बाटलीत पाच मिलीलीटरमध्ये १६०. इथले ड्रॉपर आणि तिथली बाटली यांची अदलाबदल झाली तर मात्रा तिपटीने चुकते.

घरात मोठे भावंड असेल तर आजी-आजोबांच्या गोळ्या ही सर्वांत धोक्याची वस्तू ठरते. आपल्या गोळ्या साध्या पट्टीत असतात आणि आपण त्या विसरू नयेत म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची एखादी गोळीसुद्धा दोन वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्या उंचावर, कुलपात ठेवाव्यात. गिळल्याची शंका आली तरी १-८००-२२२-१२२२ या विषबाधा केंद्राला लगेच फोन करावा. मूल बेशुद्ध असेल, त्याला झटके येत असतील किंवा श्वास नीट चालत नसेल तर थेट ९११.

बाळाच्या कौतुकात बाळंतिणीकडे दुर्लक्ष होऊ नये. पहिल्या दोन आठवड्यांतले रडू येणे पुष्कळदा आपोआप ओसरते. त्याहून अधिक काळ ती उदास असेल, बाळ झोपले असतानाही तिला झोप येत नसेल किंवा तिचे बाळात मन लागत नसेल, तर "आमच्या वेळी असं काही नव्हतं" हे वाक्य गिळून टाकावे आणि तिच्या डॉक्टरांकडे जाण्यास तिला साथ द्यावी. बाळंतपणानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धाप ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दाराबाहेर

आपण अनोळखी मुलाचा गालगुच्चा घेतो, त्याच्या हातावर खाऊ ठेवतो. तिथे बागेतील मुलाला पालकांना विचारल्याविना हात लावू नये, त्याचे छायाचित्र घेऊ नये आणि खाऊ तर मुळीच देऊ नये. शेंगदाण्याच्या एका चिक्कीने ॲलर्जी असलेल्या मुलाचा जीव जाऊ शकतो. दुरून हसावे, हात हलवावा. उलट दिशेनेही हाच नियम आहे: बारशाला आलेल्यांना आधी हात धुण्यास सांगण्यात आणि बाळाचा मुका घेऊ न देण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

मूल गाडीत किंवा घरात एकटे सोडू नये, मग दोन मिनिटांचे काम का असेना. रागाच्या भरात हात उगारू नये. तिथले डॉक्टर आणि शिक्षक यांना बालछळाची शंका आली तर ती कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या बाळांच्या पाठीवर किंवा कुल्ल्यांवर जन्मतः असणारे निळसर डाग नवख्या माणसाला माराचे वाटू शकतात. पहिल्याच भेटीत बालरोगतज्ज्ञांना सांगून त्यांची नोंद करून घ्यावी. नॉर्वेत २०११ साली एका भारतीय दांपत्याची दोन मुले तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली होती. दोन्ही देशांच्या सरकारांत बोलणी झाली, तेव्हा २०१२ मध्ये ती भारतात काकांच्या स्वाधीन झाली. त्या प्रकरणात कोणाचे किती चुकले यावर वाद झाला. आपण एवढेच शिकावे की घरातील रीत परक्या डोळ्यांना कशी दिसते याचे भान ठेवले पाहिजे, आणि विचारणा झाली तर न चिडता समजावून सांगितले पाहिजे.

सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणे आजोबांना हवेच असते. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे रस्ता ओलांडताना पहिले वाहन डावीकडून येते. आपली मान सवयीने उजवीकडे वळते, तेव्हा दोन्ही बाजू दोनदा पाहाव्यात. थंडीत पायवाटेवर बर्फाचा न दिसणारा थर असतो; सत्तरीच्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडण्यास तो पुरेसा आहे.

खिशात एक कार्ड मात्र अवश्य ठेवावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामा राज्यातील मॅडिसन गावी गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा मुलाच्या घरासमोरील रस्त्यावर फिरत होते. नातवाला सांभाळण्यासाठीच ते आले होते. कोणीतरी अनोळखी माणूस फिरतो आहे अशी खबर पोलिसांना दिली. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले, मानेला इजा झाली आणि त्यांना अर्धवट पक्षाघात झाला. त्यांचा काही दोष नव्हता. तरीही आपण आपली काळजी घ्यावी. कार्डावर इंग्रजीत आपले नाव, मुलांचे नाव, पत्ता, फोन, आपले आजार आणि "मला इंग्रजी फारसे येत नाही" एवढे लिहावे. पोलिसाने थांबवले तर जागीच उभे राहावे, हात दिसतील असे ठेवावेत, झटकन खिशात घालू नयेत. कार्ड कुठे आहे ते सांगून, खूण करून, मग ते काढावे. गाडीत असाल तर सांगितल्याविना उतरू नये. ९११ ला फोन केला तर प्रथम पत्ता सांगावा आणि "हिंदी" किंवा "तेलुगू" असे म्हणावे. दूरध्वनीवर दुभाषी देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. रुग्णालयातही दुभाषी मोफत मागता येतो.

डॉक्टर आजी-आजोबांसाठी

या स्मरणिकेचे अनेक वाचक स्वतः डॉक्टर आहेत. त्यांच्यासाठी, आणि अर्थात माझ्यासाठीही, थोडे निराळे लिहिते. आपली पदवी इथली, परवाना इथला. तिथे प्रत्येक राज्याचा वैद्यकीय परवाना स्वतंत्र असतो. गणपतीला किंवा संक्रांतीला मंडळात भेटलेले स्नेही "जरा बघता का" म्हणून हात पुढे करतात आणि आपल्या पेटीत अँटिबायोटिक असते. ते देऊ नये. ऐकून घ्यावे, धीर द्यावा आणि त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे.

लेकीच्या डॉक्टरांशी बोलण्याची घाई करू नये. रुग्णाच्या संमतीवाचून ते आपल्याशी सहसा बोलणार नाहीत, मग आपण तिची आई असू आणि वर एम.डी.ही असू. बाळाला कावीळ दिसत होती तेव्हा "बिलिरुबिन किती?" हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी लेकीला विचारले, "मी विचारू का?" ती म्हणाली, "आधी मी विचारते. राहिलं तर तू विचार." तिने सगळे प्रश्न नीट विचारले. माझ्यासाठी एकही उरला नाही. त्या दिवशी मला थोडे वाईट वाटले आणि पुष्कळ बरे वाटले.

याच न्यू जर्सीत, रोझेल गावी, १८८३ साली आनंदीबाई जोशी कार्पेंटर कुटुंबात पाहुण्या म्हणून राहिल्या होत्या. अठरा वर्षांच्या त्या मुलीने आपला आहार आणि साडी सोडली नाही, आणि यजमानांच्या घरची रीतही आपुलकीने समजून घेतली. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्याकडची बाळंतपणाची शास्त्रे त्या देशासमोर त्यांनी अभ्यास करून मांडली. तिथल्या थंडीने त्यांची प्रकृती ढासळली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. परदेशी राहताना स्वतःच्या प्रकृतीची हेळसांड करू नये, हेही त्यांच्या चरित्रातून शिकायचे आहे.

परतताना

आम्ही अडीच महिन्यांनी परत आलो. माझ्या यजमानांनी तिथे भांडी लावण्याचे यंत्र शिकून घेतले आणि मी गप्प बसणे शिकले. दोन्ही कौशल्ये नल्लकुंट्यात उपयोगी पडत आहेत.

आपण हैदराबादी मराठी माणसे. आपल्या तीन-चार पिढ्या या शहरात तेलुगू शेजाऱ्यांच्या दारातील मुग्गू पाहत आणि बाजारात दखनी बोलत नांदल्या. इथे येताना आपल्या पूर्वजांनी आपली बोली आणि आपले सण सांभाळले, आणि शेजाऱ्यांची रीत त्यांना विचारून विचारून आत्मसात केली. ती विद्या आपल्या अंगात मुरलेली आहे. पोटच्या लेकीच्या घरी तीच वापरायची आहे. अवघड वाटते ते एवढ्यासाठी, की तिथे आपल्याला पाहुणे व्हायचे नसते.

आता एखाद्या आजी यादी पुढे करतात तेव्हा मी तिच्यातील खसखस, मध, काजळ आणि मोहरीची उशी खोडते आणि टीडॅप व आरोग्यविमा या दोन गोष्टी लिहिते. खाली एक ओळ जोडते: "कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी लेकीला विचारावे." आजी हसतात. "आम्ही तिला विचारायचं?" असे म्हणतात. मी त्यांना सोफ्यावरची ती रात्र सांगते. मग त्या कागदाची नीट घडी घालून तो पर्समध्ये ठेवतात.